जर्मनचे चाक आणि लोणारचा खार

मराठीत ‘डाग’ हा शब्द मोठा मानी आहे. चंद्राला डाग, अब्रूला डाग, नव्या धोतराला पानाचा डाग, इथवर त्याची कुंडली सगळ्यांना ठाऊक असते. पण लग्नघरात ‘अंगावर डाग किती घातले?’ असे कोणी विचारले की तोच शब्द सोन्याचा होतो, आणि जुन्या काळच्या रेल्वे फलाटावर ‘एकूण डाग किती?’ म्हणताच त्याच्या ट्रंका आणि वळकट्या होतात. अलीकडे या शब्दाने आणखी एका ठिकाणी बिऱ्हाड केले आहे. ते म्हणजे मोटारीच्या चाकावर!

दिवाळी तोंडावर आली की घरातली पितळी भांडी चिंचेने उजळतात, पणत्या माळ्यावरून खाली उतरतात, आणि यजमानांना अंगणात उभ्या असलेल्या गाडीची आठवण होते. गाडी धुऊन झाली, काचा पुसून झाल्या, दसऱ्याची वाळलेली झेंडूची माळ काढून टाकली. पण त्या चांदीसारख्या चमकणाऱ्या चाकांवरचे काळपट, तांबूस, पांढुरके डाग काही हलत नाहीत. मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. आजी म्हणते, “रांगोळी लावून घास.” मोलकरीण तारेची घासणी पुढे करते. मुलगा टूथपेस्ट आणतो. शेजारचे वकीलसाहेब कुंपणावरून सांगतात, “अहो, फरशीचे ॲसिड लावा, दोन मिनिटांत आरसा होतो की नाही बघा!”

मी मराठीचा मास्तर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझे काम नाही. परंतु आमच्या धंद्यात एक सवय लागते: एखादा शब्द अडला तर आधी त्याचा संदर्भ पाहायचा, मग अर्थ लावायचा. चाकावरच्या डागाचेही अगदी तसेच आहे. तो काढण्याआधी वाचावा लागतो. आणि तो वाचायचा तर प्रथम तो ज्या पाटीवर उमटला आहे, त्या धातूची ओळख हवी.

ही ओळख आपल्याला नवी नाही. आपल्या स्वयंपाकघरात या धातूला ‘जर्मन’ म्हणतात. कोणी ‘जर्मल’ही म्हणतो. पांढऱ्या रंगाच्या एका जुन्या मिश्रधातूला ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणत. त्याचे नाव दिसण्याच्या साधर्म्यामुळे अॅल्युमिनियमला चिकटले आणि जर्मनीशी काही संबंध नसताना पातेली जर्मन झाली. हा धातू मातीत मुबलक. पण मातीतून सुटा करणे महाकठीण. डेन्मार्कच्या ऑर्स्टेडने १८२५ साली तो प्रथम वेगळा केला, आणि पुढची साठ वर्षे तो जडजवाहिरांच्या पंगतीत बसला. १८८४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसवायला अॅल्युमिनियमचा टोकदार कळस घडवला गेला! मग १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांची ओळख नसताना, विजेच्या साह्याने तो स्वस्तात काढण्याची एकच युक्ती शोधली. योगायोग असा की दोघेही १८६३ साली जन्मलेले आणि दोघेही १९१४ साली गेले. आपल्या देशात १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी या धातूची भांडी करवून घेतली, आणि राजेरजवाड्यांचा धातू आपल्या चुलीवर आला.

चाकावर तो चढला १९२४ साली. बुगाटी या फ्रेंच कारखान्याने आपल्या शर्यतीच्या गाडीला ओतीव अॅल्युमिनियमची चाके लावली. कारण सरळ होते. हा धातू लोखंडाच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचा, आणि ब्रेक लावल्यावर उठणारी उष्णता तो झटकन वाहून नेतो. आता साध्या मध्यमवर्गीय गाडीलाही ही चाके असतात. दुकानदार त्यांना ‘अलॉय’ म्हणतो. अॅल्युमिनियममध्ये थोडे सिलिकॉन वगैरे मिसळून ती ओततात. म्हणजे आपल्या आजीची कढई आणि नातवाच्या गाडीचे चाक ही एका घराण्यातली भावंडे आहेत.

या घराण्याचा एक विशेष आहे. लोखंडावर गंज चढतो तो लोखंड खात जातो. अॅल्युमिनियमवर हवेने जे पटल चढते ते मात्र त्याचे रक्षण करते. हे पटल इतके पातळ की केसाची जाडी त्याच्या दहा हजार पटींहून अधिक भरावी. पण ते अभंग असते आणि खरवडले तर क्षणात पुन्हा धरते. कर्णाच्या कवचासारखे जन्माबरोबर आलेले! त्याला दोनच शत्रू: तीव्र आम्ल आणि तीव्र खार. बहुतेक पदार्थ यांपैकी एकाशीच वैर करतात. याचे दोघांशीही वाकडे. म्हणून शास्त्रज्ञ या पटलाला ‘उभयधर्मी’ म्हणतात. पाण्याची आम्लता-खारटपणा ज्या मापाने मोजतात त्याला मराठीत ‘सामू’ असा सुटसुटीत शब्द आहे. शुद्ध पाण्याचा सामू ७. साधारण ४ ते ८.५ या टापूत अॅल्युमिनियमचे कवच सुखरूप राहते. त्याच्या पलीकडे दोन्ही बाजूंना ते विरघळू लागते.

हे शास्त्र आपल्या गृहिणींना पुस्तकाविना माहीत होते. जर्मनच्या कुकरमध्ये तळाला पाणी घालताना त्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचे बुटुक का टाकतात? आपल्या विहिरी-बोअरचे जड पाणी उकळले की खारट बाजूला झुकते आणि कुकर आतून काळा पडतो. लिंबाची चिमूटभर आंबटाई तो खार मारते. आणि जर्मनच्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून कपडे उकळले तर पातेल्याची काय दशा होते, हे एकदा पाहिलेली बाई पुन्हा तो उद्योग करीत नाही.

सोड्याचा विषय निघाला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला लोणार आठवल्यावाचून राहत नाही. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्कापाताने पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा आणि त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर. मेहकरहून जाताना काठावर उभे राहिले की खालून येणारा उग्र दर्प नाकाला सांगतो की हे पाणी साधे नव्हे. लवण, लोण, लोणार अशी ही शब्दाची वाट. लोणचेही याच वाटेवरचे. (लोणी मात्र या घराण्यातले नव्हे; ते नवनीतावरून आले.) लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास नोंदला गेलेला आहे, आणि त्यातला मुख्य खार म्हणजे सोडाच. अकबराच्या काळच्या ‘ऐने-अकबरी’त या परिसरात काच आणि साबण करण्याची सामग्री मिळते असा उल्लेख आहे; इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत इथल्या खारांच्या डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा जाती नोंदलेल्या सापडतात. आता हे सरोवर अभयारण्य आहे. २०२० साली त्याला रामसर पाणथळाचा मानही मिळाला. तिथला खार आणायचा नसतो, पाहायचा असतो.

पण लोणारचा धडा घरी आणण्यासारखा आहे. ज्या खाराने कपड्याचा मळ निघतो, काच वितळते, साबण बनतो, तोच खार जर्मनचा वैरी. सोडा वाईट नव्हे. तो या धातूसाठी नव्हे, एवढेच. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, मोरी मोकळी करायची पूड, इंजिनाचे तेल उडवायची तिखट द्रावणे ही सगळी लोणारच्याच पंगतीतली. आणि पलीकडच्या पंगतीत फरशीचे ॲसिड. दोन्हींनी चाक क्षणभर उजळल्यासारखे दिसते, कारण डागाबरोबर धातूचा एक थरही निघालेला असतो. आठवड्याने तेच चाक राखेच्या रंगाचे आणि खडबडीत होते. मग त्यावर धूळ पूर्वीपेक्षा दुप्पट बसते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

आता डाग वाचू या. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: बहुतेक चाकांच्या धातूवर रंग आणि त्यावर काचेसारख्या वार्निशचा थर असतो. म्हणून पहिला प्रश्न असा, की डाग वार्निशच्या वर आहे, वार्निशमध्ये रुतला आहे, की वार्निशच्या खाली आहे? नखाने हलकेच चाचपले तरी पुष्कळ कळते.

बुलढाण्याचा भूगोल या कामी उत्तम गुरू आहे. आमचा जिल्हा बोलीतच दोन भागांत वाटलेला: घाटावरचा आणि घाटाखालचा. जिल्ह्याचे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. मलकापूर, खामगाव, शेगाव खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मलकापूरला रेल्वे गाठायची तर राजूर घाट उतरा, खामगावला जायचे तर बोथ्याचा घाट. या उतारांवर ब्रेकची लोखंडी तबकडी आणि तिला चिमटणारे गुटके सतत झिजत असतात. त्यांचा तापलेला बारीक चुरा थेट चाकावर उडतो आणि वार्निशमध्ये रुततो. हा झाला काळा डाग. त्यातल्या लोखंडाला पावसाचे पाणी लागले की तो गंजून तांबूस ठिपक्यांचा होतो. म्हणजे गंजते ते चाक नव्हे, चाकावर बसलेला ब्रेकचा चुरा. पुढची चाके मागच्यांपेक्षा काळी का, याचेही उत्तर इथेच आहे: ब्रेक लावताना, विशेषतः उतारावर, गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे ब्रेक अधिक राबतात, शिवाय लहान गाड्यांचे मागचे ब्रेक बहुधा बंद डब्यातले असतात. उलट मेहकर आणि सिंदखेड राजाच्या बाजूने जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर (त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला) सरळ धावणाऱ्या गाडीला ब्रेकचे काम थोडे, म्हणून चाकाला काजळीही थोडी.

घाटाखाली गेले की डागाचा रंग बदलतो. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत खारपाणपट्टा आहे. तोच पुढे अकोला-अमरावतीकडे जातो. तिथल्या पाण्याने गाडी धुवावी आणि उन्हात वाळू द्यावी, की पाणी उडून जाते आणि खार मागे राहतो. हे पांढरे वर्तुळाकार ठिपके. याखेरीज नव्या डांबरी रस्त्यावरून गेल्यास काळे चिकट थेंब पडतात, ते तिसरे. आणि वार्निश कुठे दगडाने टवकले असेल तर खाली ओल शिरून पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा पसरतात, त्या चौथ्या. भिंतीला लोणा धरतो, तसाच हा चाकाचा लोणा.

आता उपाय, सौम्य तो आधी. गाडी नुकतीच घाट उतरून आली असेल तर चाकाला पाण्याचा थेंबही लावू नये. तबकडी प्रचंड तापलेली असते. गार पाण्याने ती वाकडी होण्याची भीती असते आणि साबण चाकावरच वाळून नवे डाग पडतात. चाक हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबावे. सावलीत, एका वेळी एकच चाक घ्यावे. प्रथम भरपूर पाण्याने वाळू-माती वाहून जाऊ द्यावी. मग गाडी धुण्याचा सौम्य साबण आणि मऊ केसांचा ब्रश. चाकांची बादली आणि फडके निराळे ठेवावे, नाहीतर ब्रेकचा लोखंडी चुरा त्याच फडक्याने गाडीच्या रंगावर ओरखडे काढील. रांगोळी, विटकरीची पूड, तारेची घासणी यांना मोरीतच राहू द्यावे.

एवढ्याने काळे डाग न निघाले तर लोखंडाचा चुरा सोडवणारे खास द्रव मिळते. ते फवारले की डाग जांभळा होऊन ओघळू लागतो. मुलांना ही जादू फार आवडते. त्याचा वास घरातल्या मंडळींना ओळखीचा वाटेल, कारण केस काढण्याच्या मलमात असते त्याच जातीचे रसायन त्यात असते. बाटलीवर लिहिले असेल तेवढीच मिनिटे ठेवावे, वाळू देऊ नये, भरपूर पाण्याने धुवावे. पांढऱ्या ठिपक्यांना पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी यांत भिजवलेले फडके एक-दोन मिनिटे लावून ठेवावे आणि लगेच धुऊन टाकावे. तेही आधी चाकाच्या आतल्या कोपऱ्यात करून पाहावे. लिंबाबरोबर मीठ मात्र नको. तो उपाय पितळ-तांब्याचा आहे. मिठाने जर्मनला बारीक खड्डे पडतात. डांबराचे थेंब फडक्याला किंचित रॉकेल लावून टिपावेत, टायरला आणि ब्रेकला ते लागू देऊ नये, आणि मग साबणाने धुवावे. आणि चौथा डाग, वार्निशखालचा लोणा? तो कशानेही घासून निघत नाही. चाक खरवडून पुन्हा रंगवणे एवढाच त्यावर इलाज. तो परवडत नसेल तर डागासकट गाडी चालवावी. चंद्रालाही डाग आहेच.

यात कुठे ॲसिड आले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. गाड्या धुण्याच्या काही जागी एका साध्या डब्यात, नाव नसलेले ‘पांढरे औषध’ असते. ब्रश फिरवला की चाक झळकते. चाके उजळवण्याच्या अशा काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा बायफ्लोराइड असते. ही साधी ॲसिडे नव्हेत. सौम्य प्रमाणात ती कातडीवर पडली तर लगेच आगही होत नाही. काही तासांनी हाडापर्यंत कळ जाते, तोवर ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमशी भिडलेले असते. ते अंगावर उडाले तर वाट न पाहता पाण्याखाली धरावे, तडक दवाखाना गाठावा, आणि डबा बरोबर न्यावा. आपण चाकाची चकाकी पाहतो. ज्याच्या उघड्या हातांनी ती आली त्या हातांकडे पाहत नाही. गाडी धुवायला देताना ‘चाकांना नुसता साबण लाव रे, ॲसिड नको’ एवढे सांगायला पैसे पडत नाहीत.

अशाच एका धुण्याच्या जागी मागच्या उन्हाळ्यात मी उभा होतो. पुढे माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी होती. धुणारा तरुण चाकाच्या आत हात घालून घासत होता, एकाएकी थांबला. बोटे चोळून पाहिली.

“काका, हे धूळ नाही. तेलकट हाय.”

“अरे, धुऊन टाक. घाई आहे मला.”

“धुतलं तं दिसनार नाही न काका. आधी मिस्त्रीले दाखवा.”

गृहस्थ कुरकुरले, पण गेले. चाकाच्या आतल्या अंगाला जो ओघळ होता तो ब्रेकच्या तेलाचा निघाला. नळीच्या जोडावर ते झिरपत होते. संध्याकाळी त्यांना कुटुंबासह मलकापूरला उतरायचे होते, म्हणजे राजूरचा घाट! त्या मुलाने त्या दिवशी डाग काढला नाही, वाचला.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की चाकावरचा डाग हा ब्रेकच्या जमाखर्चाची वही आहे. चारांपैकी एकच चाक बाकीच्यांहून फार काळे होऊ लागले, तर तिथला ब्रेक सुटत नसेल. चाकाच्या आत ओलसर ओघळ दिसला, तर पुसण्याआधी मिस्त्रीला दाखवावा. आणि धुऊन झाल्यावर चकाकीसाठी चाकावर तेलाचा किंवा डिझेलचा हात फिरवण्याची जी हौस आहे, ती आजपासून सोडावी. तबकडीवर तेल गेले तर घाटात ब्रेक दाबूनही गाडी थांबायची नाही. धुण्यानंतर मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून ते कोरडे करून घ्यावेत.

आणि डाग पडूच नयेत असे वाटत असेल तर त्याचा उपाय बाजारात मिळत नाही, घाटात मिळतो. जुने चालक सांगत, ज्या गिअरवर घाट चढलात त्याच गिअरवर उतरा. इंजिन गाडी धरून ठेवते, ब्रेकला विसावा मिळतो, काजळी कमी उडते, आणि घरची मंडळी दिवाळीच्या फराळाला वेळेवर आणि सुखरूप पोहोचतात. त्या गाडीच्या चाकावर एखादा ठिपका राहिलाच, तर पाहुण्यांनी तो दागिना समजावा. शब्दकोशाची त्याला हरकत नाही.